बरणीतली तीन बोटं

परबकाकींनी बरणी काउंटरवर ठेवली, झाकण काढलं आणि उजव्या हाताची तीन बोटं आडवी करून आत धरली. बरणीच्या गळ्यापासून मसाल्यापर्यंत बरोबर तीन बोटं रिकामी होती.

"ही कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

एप्रिल महिना होता. दुकानात आठ-दहा बायका नाकाला पदर आणि ओढण्या लावून नंबरची वाट बघत बसल्या होत्या. सगळ्यांचं शिंकणं एकदम थांबलं.

"दर वर्षी तेवढीच मिरची, तेवढेच धणे. माझ्या सासूची बरणी आहे ही. दर वर्षी गळ्यापर्यंत भरते. आता बरणी वाढली की माझा मसाला कमी झाला, ते सांगा."

मी खाली मान घालून पावतीपुस्तक चाळायला लागले. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

लालबागच्या मसाला गल्लीतल्या एका दुकानात मी वजनकाट्यावर बसते. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी तिथे नक्की काय शिकते हे घरी कोणाला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर बरेचदा मलाही नसतं. दुकानात मला सगळे 'सायन्स' म्हणतात. "सायन्स, पावती फाड." "सायन्स, तीन कटिंग सांग." माझ्या शिक्षणाचा दुकानाला आजवर एवढाच उपयोग झाला होता.

आमचं काम असं चालतं. परळ-लालबागच्या बायका वर्षाचा मालवणी मसाला उन्हाळ्यात एकदाच करून ठेवतात. भाजलेल्या मिरच्या, धणे आणि बाकीचा गरम मसाला घेऊन त्या येतात. मी तो माल काट्यावर घेते आणि आकडा पावतीवर लिहिते, कारण कुटण्याचा दर किलोवर असतो. मग माल आत जातो आणि मसाला होऊन त्यांच्या डब्यात पडतो. तो गरम असतो, म्हणून घरी दोन दिवस परातीत गार करायचा आणि मग बरणीत भरायचा.

या सगळ्यात माल आत जाताना वजन होतं. बाहेर येताना होत नाही. कधीच झालेलं नाही. असं का, हे मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मालकांना, आप्पाशेठना, विचारलं होतं. ते म्हणाले, "विश्वासावर चाललंय सगळं." विश्वास एकाच बाजूला का लागतो, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

यंदा एकच गोष्ट बदलली होती. आप्पाशेठचा मुलगा निखिलदादा एमबीए करून आला आणि त्याने पल्व्हरायझर बसवला. आधी आमच्याकडे डंक होता. डंक म्हणजे लोखंडी उखळ आणि त्यात मोटरवर धाडधाड आपटणारा दांडा. वेळ लागतो, आवाज होतो, मसाला जरा जाडसर होतो. पल्व्हरायझरमध्ये बंद डब्यात हातोडे गरगर फिरतात आणि बघता बघता मिरचीचं पीठ होतं. त्याच्या मागे एक लांब कापडी पिशवी लटकते. मशीनमधली हवा तिच्यातून बाहेर जाते आणि मसाल्याची धूळ आत अडकते. मशीन चालू झालं की ती पिशवी पोट भरल्यासारखी फुगते. डंकावर गोणपाट टाकून ठेवलं होतं.

गोणपाट टाकलं बाळाकाकांनी, स्वतःच्या हाताने. माझा जन्मही झाला नव्हता तेव्हापासून ते त्या डंकावर होते. आता ते मशीनमध्ये माल ओततात. ते आमच्याच चाळीत राहतात आणि मला ही नोकरीही त्यांनीच लावून दिली.

परबकाकी एकट्या नव्हत्या. त्यांच्या बिल्डिंगच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. त्यांच्या शब्दावर वीस-पंचवीस घरांचा मसाला आमच्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी आणखी चारजणी आल्या. एकीची दोन बोटं कमी, एकीची अडीच. एकीचा डबा तर यंदाच नवीन घेतलेला होता, तरी तिचीही दोन बोटं कमी निघाली.

दुपारी निखिलदादाने मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे तो, आप्पाशेठ आणि काट्यावरून उठता येत नाही म्हणून मी.

"पप्पा, सिस्टिममध्ये लीकेज आहे," तो म्हणाला. लीकेज म्हणजे चोरी. एमबीएत तसं म्हणतात. "माल आत जातो, बाहेर कमी येतो. मध्ये हँडलिंग कोण करतं? एकच माणूस."

आप्पाशेठ पंख्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बाळाकाकांना हाक मारली.

"बाळा, शनिवारपर्यंत सांग मसाला कुठं जातो ते. नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस."

 संध्याकाळी निघताना निखिलदादाने त्यांची पिशवी बघायला मागितली. काकांनी जेवणाचा डबा उघडला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"घे रे झिला, वास घे. भाकरीचो वास येता की मसाल्याचो?"

निखिलदादा लहानपणी याच काकांच्या खांद्यावर बसून गणपती बघायला जायचा, असं आप्पाशेठच सांगतात. त्याने डब्यात वाकून बघितलं. नीट बघितलं.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी काही शूर मुलगी नाही. वर्गात सरांनी विचारलं तर येत असलेलं उत्तरही मी देत नाही. पण दुसऱ्या दिवशी परबकाकी पुन्हा भांडायला आल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, बरणीचं वजन करूया का?"

"वजनाने काय होणार?"

"म्हणजे... आत किती गेलं ते पावतीवर आहे. बरणीत किती आहे ते बघितलं तर मधलं कळेल."

भरलेली बरणी काट्यावर ठेवली. मग रिकाम्या बरणीचं वजन हवं होतं, आणि त्यासाठी मसाला काढायला लागणार होता. परबकाकी तयार होईनात. बरणी एकदा भरली की ओतायची नाही, मसाल्याला जाळी लागते, असं त्यांच्या सासूने सांगितलेलं. शेवटी त्यांनी स्वतः हात कोरडे पुसले, घरून धुतलेलं धोतर आणलं, ते पसरलं आणि त्यावर बरणी उपडी केली. पंखा बंद ठेवला होता. आम्ही सगळे घामाने निथळत एका मसाल्याच्या ढिगाभोवती उभे होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, काही विधी चालू आहे.

आत गेलेला माल चार किलो पाचशे पन्नास ग्रॅम. बरणीतला मसाला चार किलो चारशे वीस.

"एकशे तीस ग्रॅम कमी," मी म्हणाले.

"थोडा उडतोच की," आप्पाशेठ म्हणाले.

"डंकार मूठभर जाता. चाळीस-पन्नास ग्रॅम," आतून बाळाकाका म्हणाले. "मशीनचा माका ठाऊक नाय." तिकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही, हे कबूल करायला हवं.

माझं लक्ष दुसरीकडे होतं. एकशे तीस ग्रॅम म्हणजे अर्धं बोटसुद्धा नाही. तीन बोटं चोरीला गेली असती तर किलोभर माल कमी भरायला हवा होता. म्हणजे मसाला बरणीतच होता. मी हे आनंदाने सांगितलं.

"मग माझी बरणी का भरत नाही?" परबकाकी म्हणाल्या. "मी काय आमटीत वजनं टाकते? चमच्याने घालते मी. मला बरणी भरून हवी."

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. आम्ही किलोने घेतो, त्या बरणीने मोजतात. दोन्हींच्या मध्ये जी गोष्ट असते तिचं नाव घनता. ठरावीक जागेत किती वजन मावलं, ते. कॉलेजात मी पितळेच्या गोळ्याची घनता काढली आहे आणि दहापैकी आठ मार्क मिळवले आहेत. पण गोळा भरीव असतो. बरणीत मसाला असतो आणि मसाल्याच्या कणांमध्ये हवाही असते. मशीनचा मसाला बारीक म्हणून दाबून बसत असेल आणि डंकाच्या जाडसर मसाल्यात हवा जास्त राहत असेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे खात्री नव्हती. सरांना विचारलं. सर म्हणाले, "हे सिलॅबसमध्ये नाही."

मग मी स्वतःच केलं. एकाच मिरचीचे दोन भाग केले. बाळाकाकांनी डंकावरचं गोणपाट काढलं, एक भाग त्यात कुटला, दुसरा मशीनमध्ये दळला. दुकानातली एक लिटरची दोन स्टीलची मापं घेतली. दोन्ही मसाले त्यांत सपाट भरून तोलले. निखिलदादा मोबाइलवर शूटिंग करत होता.

डंकाचा मसाला लिटरला चारशे साठ ग्रॅम भरला. मशीनचा चारशे तीस.

मी पुन्हा तोलले. तेच. मी म्हणत होते त्याच्या बरोबर उलटं. मशीनचाच मसाला हलका होता, म्हणजे बरणी उलट जास्त भरायला हवी होती.

"ऐका," निखिलदादा म्हणाला, "सायन्सने सिद्ध केलं. मशीनमध्ये व्हॉल्यूम जास्त मिळतो. तरी बरणी कमी. म्हणजे लीकेज कन्फर्म!" त्याने तो व्हिडिओ आप्पाशेठना पाठवला. आप्पाशेठ समोरच बसले होते.

काकांना वाचवायला गेले आणि मीच त्यांच्याविरुद्ध पुरावा तयार करून दिला. तो दिवस मला नीट आठवतही नाही. बायकांच्या पावत्या चुकीच्या फाडल्या एवढं आठवतं.

दोन-अडीच तासांनी काटा पुसायला घेतला तेव्हा ती मापं तिथेच होती. डंकाचं माप जवळपास तसंच होतं. मशीनच्या मापातला मसाला मात्र खाली गेला होता. कोणी हात लावला नव्हता.

"काका, हा खाली कसा गेला?"

बाळाकाकांनी वाकून बघितलं. "झोपलो."

"कोण?"

"मसालो. मशीनीतसून येता तेव्हा हवा खाऊन फुगलेलो असता. गार झालो की झोपता. डंकाचो जाडो, तो उभोच रवता."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"माका कोणी इचारल्यान? माका इतक्याच इचारल्यानी, मसालो खंय व्हेलस."

खरंच, त्यांना कोणी दुसरं काही विचारलंच नव्हतं. मसाला कुठे नेलास, एवढंच. मी पण वीस किलोमीटरवरच्या सरांना विचारायला गेले आणि दहा पावलांवरच्या काकांना विचारलं नाही. काकांच्या नावापुढे डिग्री नाही. माझ्याही नाही अजून, पण मला तिची सवय मात्र लवकर लागली.

मी मसाला रात्रभर झाकून ठेवला. सकाळी मापं पुन्हा भरली आणि बरणी घरी नेताना जशी हलते तशी, दुमडलेल्या गोणपाटावर शंभर वेळा हलकेच आपटून, वर पुन्हा सपाट भरून तोलली. डंकाचा लिटरला चारशे ऐंशी. मशीनचा पाचशे ऐंशी. परबकाकींच्या मसाल्याचा हिशोब केला तर बरणीत पावणेदोन-दोन लिटरचा फरक पडत होता. त्यांच्या बरणीत दोन लिटर म्हणजे तीन बोटं.

शनिवारी परबकाकी आल्या. सोबत महिला मंडळ होतं. मी लोणच्याच्या दोन सारख्या पारदर्शक बरण्या मांडल्या होत्या. दोन्हींत नऊशे-नऊशे ग्रॅम मसाला, एकीत डंकाचा, दुसरीत मशीनचा. मशीनची बरणी दोन बोटं कमी होती.

"दोन्हींचं वजन सारखं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"मोठ्याने बोल गं, सायन्स. भांडायला आलोय, कीर्तनाला नाही," कोणीतरी म्हणालं.

काट्यावर ठेवून दाखवल्या. सारख्या.

"काटा तुमचाच ना?" परबकाकींनी विचारलं.

मग आम्ही सगळे दोन्ही बरण्या घेऊन बाजूच्या ड्रायफ्रूटवाल्याकडे गेलो. त्याच्या काट्यावरही सारख्याच. तो म्हणाला, "मावशी, काजू पण घ्या." मावशींनी काजू घेतले नाहीत आणि त्यांना ते वजनही पटलं नाही. घनता, हवा, कण, सगळं सांगून झालं. त्यांच्या चेहऱ्यावर मी दुकानाची माणूस आहे एवढंच लिहिलेलं होतं.

बाळाकाका दारात उभे होते. शनिवार होता आणि त्यांची पिशवी त्यांनी हातात धरलेली होती. ते सहज विचारावं तसं म्हणाले, "वैनी, औंदा कालवण तिखट होता काय?"

परबकाकी थबकल्या.

"होतंय की! परवा ह्यांना असा ठसका लागला, पाण्याचा तांब्या संपवला. मिरचीवाल्याने लवंगी मिसळली म्हणून त्याला मी झापून आले."

"चमचे किती घातलात?"

"नेहमीचे दोन."

"दीड घाला."

 मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आमच्याकडे पण सून म्हणते, जास्त झालं, जास्त झालं. मी म्हटलं, तुझा हातच तसा." सून शेजारीच उभी होती. ती सासूकडे नुसती बघत राहिली.

दाबून बसलेल्या मसाल्याच्या चमच्यात मसाला जास्त येतो, म्हणून तिखट. त्याच कारणाने बरणी रिकामी. परबकाकी एकाच गोष्टीवरून दोन दुकानदारांशी उलटसुलट भांडल्या होत्या; एकाने जास्त तिखट दिलं म्हणून, दुसऱ्याने कमी दिलं म्हणून. त्यांना ते कळलं. त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आमचा मसाला डंकावरच. तिखट चालेल कमी, बरणी भरली पाहिजे."

बाळाकाकांना सोमवारी यायला सांगितलं. कोणी सांगितलं तेही मजेशीर आहे. कोणीच नाही. फक्त "येऊ नकोस" हे पुन्हा कोणी म्हणालं नाही, त्यावरून त्यांनी ओळखायचं. माफी वगैरे विषय निघालाच नाही.

निखिलदादाने दुसऱ्या आठवड्यात बोर्ड लावला: 'पारंपरिक डंक मसाला, बरणी भरण्याची खात्री.' दर मशीनपेक्षा जास्त. रांग लागली. तोच माल, तेवढंच वजन, वर हवा, आणि हवेचे पैसे वेगळे. हे मी त्याला म्हणाले तर तो म्हणाला, "याला व्हॅल्यू अॅडिशन म्हणतात, सायन्स."

पण डंक पुन्हा चालवायला बाळाकाकांनी एक अट घातली होती. इतक्या वर्षांतली त्यांची पहिलीच. माल बाहेर जातानाही तोलायचा, प्रत्येकीचा, तिच्यासमोर. आप्पाशेठ नाही म्हणू शकले नाहीत, कारण काकांनी ते महिला मंडळाच्या देखत मागितलं. मी पावतीवर दुसरा रकाना आखला.

पहिल्याच दिवशी परबकाकींची जाऊ आली. तिला घाई होती, म्हणून मशीन. आत चार किलो, बाहेर तीन किलो आठशे ऐंशी. एकशे वीस ग्रॅम कमी. त्याआधीच्या डंकाच्या घाण्यांमध्ये चाळीसच्या पुढे आकडा गेला नव्हता.

"प्रोसेस लॉस असतो," निखिलदादा पटकन म्हणाला.

बाळाकाका आत गेले. मशीनच्या मागची कापडी पिशवी त्यांनी सोडून आणली आणि काट्यावर झटकली. तिखटजाळ, लालभडक, मैद्यासारखा मसाला. नव्वद ग्रॅम. पिशवी आदल्या संध्याकाळीच रिकामी झालेली होती आणि मशीनचा त्या दिवसाचा हा पहिलाच घाणा होता. ती रोज संध्याकाळी निखिलदादा स्वतः रिकामी करायचा. 'मेंटेनन्स' म्हणून. दर्शनी फळीवर 'खास घरगुती मसाला' नावाची छोटी पाकिटं यंदाच यायला लागली होती. ती कोणाच्या घरची, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

जाऊबाईंनी ढिगाकडे बघितलं, पाकिटांकडे बघितलं. "हा कोणाचा?"

आप्पाशेठनी पंख्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"त्यांच्या डब्यात घाल, बाळा," ते म्हणाले.

त्या दिवसापासून दर घाण्यानंतर पिशवी गिऱ्हाइकाच्या डब्यात झटकली जाते. 'खास घरगुती मसाला' सध्या आउट ऑफ स्टॉक आहे. लीकेज हा शब्द दुकानात पुन्हा ऐकू आला नाही. निखिलदादाची पिशवी मात्र कोणी तपासली नाही. तो रोज बॅग खांद्याला लावून आमच्या समोरून जातो.

महिनाभराने कॉलेजात घनतेचं प्रॅक्टिकल पुन्हा आलं. जर्नलमध्ये शेवटी 'प्रयोगातील संभाव्य चुका' लिहायच्या असतात. सगळे लिहितात: काटा शून्यावर नसणे, पाण्यात बुडबुडे राहणे, डोळा तिरका असणे. मी तेच लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: 'फक्त संशयिताचे वजन करणे.'

सरांनी ती लाल पेनने खोडली आणि अर्धा मार्क कापला. खरं तर त्यांना विचारायला हवं होतं, ती ओळ सिलॅबसमध्ये कधी येणार. पण मी वर्गात बोलत नाही.